टाकीचे झाकण

माझ्या वडिलांचा यंत्रांवर पूर्ण विश्वास होता. अविश्वास होता तो यंत्रांजवळून जाणाऱ्या माणसांवर. लिफ्ट दुरुस्तीच्या कामात त्यांची उमेदीची वर्षे गेली. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की फोन यायचा आणि बाबा हातातला घास ताटात ठेवून मोटारसायकलची किल्ली उचलायचे. परत आल्यावर त्यांचा निष्कर्ष ठरलेला असे : “लिफ्ट स्वतःहून अडकत नाही. अडकवली जाते.” कोणी दारात चप्पल खोचून ठेवलेली असे, कोणी मर्यादेपेक्षा जास्त लाद्या आत चढवलेल्या असत, कोणी खाचेत पानाची पिंक टाकलेली असे. प्रत्येक बिघाडामागे एक माणूस असतो आणि तो माणूस ‘मी काही केलं नाही’ असेच म्हणतो, हा नोकरीने त्यांना शिकवलेला सिद्धांत त्यांनी घरालाही लावला होता. दुधाची पिशवी ते अंगठ्याने दाबून पाहत. मासेवालीने पापलेटाचा एक कल्ला उघडून दाखवला, तर दुसऱ्या बाजूचा ते स्वतः उघडत. मी रसायनशास्त्र घेतले तेव्हा चाळीतल्या लोकांना नवल वाटले, मला वाटले नाही. संशय घेण्याची शिस्त मला घरातच मिळाली होती. महाविद्यालयाने तिला एक वही आणि परीक्षानळी दिली, इतकेच.

घोडपदेवच्या त्या चाळीत आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून होती. बहुतेक बिऱ्हाडे मालवण-कणकवलीकडची. आजोबांच्या पिढीत सगळे गिरणीत. आमच्या पिढीत कोणी बँकेत, कोणी इस्पितळात, कोणी कॉल सेंटरात. सकाळ आवाजांनी ओळखू यायची. आधी नळाखाली पिंप भरल्याचा आवाज, जो पिंप काठाला येईल तसा बारीक होत जाई. मग आईच्या मिक्सरमध्ये ओले खोबरे आणि भिजवलेल्या मिरच्या फिरू लागत. आणि त्यानंतर, बरोबर सातला, जिन्याखालून एक जड, मऊ ‘धप्प’ येई. तो नामदेवकाकांच्या कोळशाच्या इस्त्रीचा. माझ्या जन्माच्या आधीपासून ते जिन्याखाली टेबल मांडून चाळीचे कपडे इस्त्री करत होते. राहायला कॉटन ग्रीनला, भावाकडे. मूळ गाव साताऱ्याकडचे, म्हणून चाळीच्या भाषेत ते ‘घाटी’. हा शब्द कधी लाडाने उच्चारला जाई, कधी तसा नाही. चाळ समितीने जिन्याखाली विजेची जोडणी कधी दिली नाही. त्यामुळे सगळा मुलूख विजेच्या इस्त्रीवर गेला तरी काकांची इस्त्री कोळशावरच राहिली.

बाबांची मोटारसायकल त्याच जिन्याखाली, टेबलापासून दीड हातावर उभी राहायची. चाळीत गाडी लावायला छत असलेली तेवढी एकच जागा. काका सुपाच्या तुकड्याने कोळसा फुलवत आणि राखेची भुरभुर सीटवर बसे. त्यावरून महिन्याआड एक संवाद ठरलेला होता.

“नामदेव, तुझी राख माझ्या गाडीवर उडते.”

“आन् तुमच्या गाडीचं पेट्रोल माज्या निखाऱ्यावर उडलं म्हंजी?”

“धमकी देतोस काय?”

“न्हाय वो. वाऱ्याची दिशा सांगतोय.”

बाबा जिना चढत पुटपुटत, “गोड बोलतो. गोड बोलणारा माणूस लक्षात ठेवावा.” मी तेव्हा त्यांच्या मागोमाग पुस्तकांची पिशवी घेऊन चढत असे आणि लक्षात ठेवत असे.

आमची गाडी सतरा वर्षांची होती. मी हे प्रकरण लिहिते आहे तेव्हा नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर नाहीसाच झाला आहे. इंधन किती सोडायचे ते आता एक इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवतो. माझ्या प्रयोगशाळेतल्या तरुण सहकाऱ्यांना मी सांगते, की हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारा हा मूठभर आकाराचा भाग उघडून, धुऊन, पुन्हा जोडता येत असे, तेव्हा त्यांना ते घड्याळजीच्या कामासारखे वाटते. तसे ते होतेही. आदल्या वर्षी कॉटन ग्रीनच्या गोदामांजवळ सांडलेल्या तेलावरून बाबा घसरले होते, गळपट्टीचे हाड मोडून सहा आठवडे हात झोळीत होता. त्या सहा आठवड्यांत आईने गाडीविषयी एक अक्षर काढले नाही. ती चार दिवस गावी जाऊन आली, आल्यावर नेहमीसारखी घावने करू लागली, आणि बाबा पुन्हा गाडीवर बसले त्या दिवशी फक्त म्हणाली, “सावकाश जावा.” तिचे ते गप्प राहणे मला समंजसपणाचे वाटले होते.

त्यानंतर काही महिन्यांनी गाडी बंद पडू लागली. प्रथम भायखळ्याच्या पुलावर. चोक ओढला की धावे, सोडला की मरे. नाक्यावरच्या मेकॅनिकने कार्ब्युरेटर साफ केला; गाडी तीन आठवडे नीट चालली आणि पुन्हा तेच. बाबांनी ताबडतोब मेकॅनिकवर संशय घेतला. “हाच कचरा भरतो आणि हाच काढतो. आता घरी करायचं. वैदेही, परात आण.”

तो रविवार मला अगदी स्पष्ट आठवतो. बाबांनी गॅलरीत वर्तमानपत्र अंथरले. आत बांगड्याचे तिखले शिजत होते आणि तिरफळांचा वास दारापर्यंत आला होता.

“गॅस बंद कर,” बाबांनी आत ओरडून सांगितले. “पेट्रोल उघडतोय.”

“माझा तिखला अर्ध्यार हा,” आतून आई. “तुमचा पेट्रोल थांबात, माझो बांगडो थांबाचो नाय.”

बांगडा उतरेपर्यंत आम्ही थांबलो. मग बाबांनी परातीत कार्ब्युरेटर ठेवला आणि तळाची वाटी, जिला फ्लोट बाउल म्हणतात, तिचे चार स्क्रू सोडवले. त्यांनी मला शिकवलेला पहिला नियम हा, की काढलेला प्रत्येक स्क्रू वर्तमानपत्रावर त्याच्या जागेप्रमाणे मांडायचा. दुसरा नियम, पितळेचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे तोंड, सुईने टोकरायचा नाही. पोलादाने पितळेचे भोक मोठे होते आणि मग गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिते. विजेच्या जुन्या वायरमधला तांब्याचा एकच धागा ओढून काढायचा, तो जेटमधून हलकेच आरपार घालायचा, मग तोंडाने फुंकायचे आणि डोळ्याजवळ धरून आकाश पाहायचे. केसाएवढ्या त्या भोकातून आभाळाचा एक गोल ठिपका दिसला पाहिजे. मला तो दिसला नाही. जेट बुजला होता आणि वाटीच्या तळाशी करड्या रंगाचा, ओल्या रांगोळीसारखा गाळ बसला होता.

“गंज नाही हा,” मी म्हणाले. “गंज तांबूस असतो.”

बाबांनी गाळ बोटांत चोळून पाहिला. “मग कोणीतरी टाकलंय,” ते म्हणाले.

मी थोडा गाळ एका रिकाम्या गोळ्यांच्या बाटलीत भरून घेतला. पुढच्या दोन महिन्यांत आम्ही तो कार्ब्युरेटर आणखी दोनदा उघडला. टाकीच्या नळाची जाळी जुनी होती, फाटलेली होती, आणि बाबा नेहमी ‘रिझर्व्ह’वर, म्हणजे टाकीच्या अगदी तळाच्या पेट्रोलवर गाडी चालवत, त्यामुळे टाकीत जे काही पडे ते सरळ खाली येई. हे मार्गाचे स्पष्टीकरण झाले. पदार्थाचे स्पष्टीकरण मी स्वतः शोधले. वाळवलेल्या गाळावर लिंबू पिळले तर तो फसफसला. अर्थात कार्बोनेट. अर्थात राख. एका पानावर मी उभी रेघ मारली आणि लिहिले : राख कोणाकडे आहे? टाकीजवळ दिवसभर कोण असते? गाडीवरून कोणाचे भांडण आहे? तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर येत होते. टाकीच्या झाकणाला कुलूप होते, ही एकच अडचण होती, पण तीही मी दूर केली. झाकणाचे कुलूप इतके झिजले होते, की पूर्वी एकदा बाबांची किल्ली हरवली तेव्हा नामदेवकाकांनीच आपल्या पेटीच्या कुलपाची किल्ली घालून ते उघडून दिले होते. त्या वेळी आम्ही त्यांना चहा पाजला होता. आता तोच प्रसंग मी पुराव्यात घेतला.

त्या पानावर संशयितांची यादीही होती. तिच्यात मेकॅनिक होता, चाळीचे सेक्रेटरी परबकाका होते, समोरच्या दुकानाचा नोकर होता. घरातली माणसे नव्हती. ती मी विचार करून वगळली नव्हती. ती मला सुचलीच नव्हती. आणि चारही बिघाडांच्या तारखा मी नोंदवल्या होत्या, त्यांच्यात साधारण महिन्याचे अंतर होते, त्या अंतराचे कारण मात्र मी शोधले नाही. उत्तर हाती आलेल्या माणसाला उरलेल्या आकड्यांची गरज वाटत नाही. आज एखाद्या विद्यार्थ्याने माझ्यापुढे असे पान ठेवले, तर मी ते त्याला परत करीन.

बाबांनी पान वाचले आणि प्रथमच माझ्याकडे, मुलीकडे नव्हे तर जाणकाराकडे पाहावे तसे पाहिले. “परबला दाखवतो,” ते म्हणाले.

परबकाकांना त्या पानाचा फार आनंद झाला. त्यांनी नुकतीच नवी स्कूटर घेतली होती आणि ती उन्हात उभी राहत होती. हे तेव्हा मला दिसत होते, पण त्यांची स्कूटर माझ्या प्रश्नाच्या कक्षेत येत नव्हती. रविवारी सकाळी तळमजल्याच्या पडवीसमोर समितीची बैठक भरली. वरच्या गॅलऱ्यांतून बायका वाकून पाहत होत्या. मी स्टुलावर बशी ठेवली, गाळ ओतला, लिंबू पिळले. बशीत फेस आला. कोणीतरी म्हणाले, “बापरे, ॲसिड!” मी म्हणाले, “ॲसिड नाही, लिंबू. पण ही राख आहे हे यावरून सिद्ध होतं.” मग मी पुढचे मुद्दे सांगितले : सान्निध्य, साधन, हेतू. माझा आवाज स्थिर होता. एका संशोधन संस्थेच्या मुलाखतीची तयारी मी त्याच दिवसांत करत होते आणि मनातल्या मनात ती तालीमच चालली होती.

“काय नामदेव,” परबकाका म्हणाले, “पोरगी एमेस्सी करतेय. ती काय खोटं बोलंल?”

नामदेवकाका टेबलाच्या कडेला हात पुसत उभे होते. “राख हाय खरी,” ते म्हणाले.

“मग? तूच टाकलीस ना?”

काकांनी माझ्याकडे पाहिले नाही, बाबांकडेही नाही. मान वर करून ते दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे पाहत राहिले. मी ते पाहिले आणि त्याची नोंद अशी घेतली, की हा माणूस नजर चुकवतो आहे.

“बोल की रे घाट्या!” मागून कोणीतरी ओरडले.

“मला काय बोलायचं न्हाय,” नामदेवकाका म्हणाले.

“हे बघा, कबुलीच आहे,” परबकाकांनी जाहीर केले आणि आठ दिवसांत टेबल हलवायचे असा ठराव झाला. काकांनी आठ दिवस घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी सातला ‘धप्प’ आला नाही. मी खाली उतरले तेव्हा जिन्याखाली टेबलाच्या चार पायांचे चार काळे ठिपके तेवढे उरले होते आणि परबकाकांची स्कूटर त्यांच्यावर उभी होती. काकांनी टेबल नाक्यावरच्या फुटपाथवर, एका गोदामाच्या भिंतीला टेकवून मांडले होते. तिथे छत नव्हते. बऱ्याच बिऱ्हाडांनी त्यांच्याकडे कपडे देणे बंद केले. आमचे कपडे आई घरीच इस्त्री करू लागली, आणि त्या दिवसांत तिने बाबांचे दोन शर्ट जाळले. ती असे कधी करत नसे.

बाबांनी टाकी खाली उतरवून तीन पाण्यांनी धुतली, उन्हात वाळवली, नवी जाळी घातली आणि नवे झाकण आणले. त्याच्या दोन किल्ल्या होत्या. एक बाबांच्या खिशात, दुसरी देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला. गाडी शिवणयंत्रासारखी चालू लागली. “बघ,” बाबा म्हणाले, “माणूस हलवला, बिघाड गेला.” आम्ही दोघांनी त्या दिवशी फार समाधानाने चहा प्यायला. आई तिच्या बशीतला चहा तसाच ठेवून उठली.

पाचव्या आठवड्यात गाडी लालबागला बंद पडली. परळच्या एका जुन्या इमारतीत एक म्हातारे जोडपे लिफ्टमध्ये अडकले होते आणि बाबा उरलेले अंतर गाडी ढकलत गेले. संध्याकाळी त्यांनी परात काढली. मी वाटी उघडली. तळाशी तोच करडा गाळ. जाळी नवी होती, पण ती राख मैद्यासारखी बारीक होती.

“किल्ली बनवून घेतली त्याने,” बाबा म्हणाले. “या लोकांची ओळख असते चावीवाल्यांशी.”

मला प्रथम राग आला होता तो कोणत्या माणसावर नव्हे, तर माझ्या त्या पानावर. नामदेवकाका पाच आठवडे जिन्याखाली नव्हते. कुलूप झिजलेले नव्हते. किल्ल्या दोन, दोन्ही घरात. मी वही उघडली, पाचही बिघाडांच्या तारखा काढल्या आणि ओट्याजवळ भिंतीला टांगलेल्या दिनदर्शिकेसमोर जाऊन उभी राहिले. मागची पाने दुमडून वर केली. प्रत्येक वेळी गाडी बंद पडण्याच्या तीन-चार दिवस आधीच्या चौकोनात अमावस्येचा काळा गोल होता. दिनदर्शिकेच्या डाव्या हाताला देव्हारा होता, देव्हाऱ्याशेजारी तो खिळा, खिळ्याला किल्ली, आणि देवांच्या मागे एक पितळेची डबी, जी आई गावाहून आल्यापासून तिथे होती. डबी उघडायची मला भीती वाटली. मी तिथे हात न लावता वाळवलेल्या गाळाची बाटली घेतली आणि सरळ नाक्यावर गेले.

नामदेवकाका कोणाची तरी शाळेची चड्डी इस्त्री करत होते. डोक्यावर प्लास्टिक बांधले होते.

“काका, मला तुमच्या इस्त्रीतली थोडी राख हवी आहे.”

त्यांनी इस्त्री बाजूला उभी केली. “आजून लिंबू पिळायचं ऱ्हायलं व्हय?”

“तेव्हाच घ्यायला हवी होती,” मी म्हणाले. “दोन्ही शेजारी ठेवून पाहायला हवं होतं. मी पाहिलं नाही.”

त्यांनी इस्त्रीचे तोंड उघडून चिमट्याने खालची राख माझ्या कागदावर झटकली. ती खरखरीत होती, तिच्यात कोळशाच्या काळ्या कण्या होत्या. माझ्या बाटलीतली पांढुरकी होती, मऊ होती, एकही कणी नसलेली. कोणीतरी ती फडक्यातून गाळली होती. तुलनेला भिंगही लागले नाही. एक मिनिटही लागले नाही.

“तुम्ही कोणाला पाहिलं होतं का? गाडीजवळ?”

“बगितलं की.”

“कोणाला?”

“ते मी सांगनार न्हाय.”

“काका, त्या दिवशी का नाही बोललात? तुमचं टेबल गेलं!”

ते पुन्हा इस्त्री उचलून चड्डीवर फिरवू लागले. “जिला सांगायचं ती वर गॅलरीत हुबी हुती,” ते शांतपणे म्हणाले. “मी तिची वाट बगितली. ती न्हाय बोलली. मग मी बोलनारा कोन? बाईमानूस नवऱ्यासाटी देवाचं करतंय, सकाळी सात वाजता पदर सावरून खाली येतंय, मला बोटानं गप म्हनतंय. मी मान हालवली हुती, पोरी. एकदा हालवली म्हंजी हालवली.”

घरी आले तेव्हा आई सोलं भिजत घालत होती. मी काकांच्या राखेचा कागद आणि माझी बाटली शेजारी शेजारी ओट्यावर ठेवली. तिने पाहिले.

“डबीत काय आहे, आई?”

“देवळातलो अंगारो,” ती म्हणाली. “गाऱ्हाणा घातलंय तेव्हा गुरवान दिल्यान. गाडीक लाव म्हणालो. वरसून लावलो तर तुझो बापूस पुसून टाकता. सगळ्या गोष्टीर संशय त्येंका. म्हणान आत घालूक लागलंय. दर अवसेक चिमूटभर.”

“आत घातल्याने गाडी बंद पडते!”

“बंद पडली, पण पडलो नाय ना तो?” आई एकदम माझ्याकडे वळली. “अंगारो घालूक लागलंय त्येका किती महिने झाले, एकदा तरी घसरलो? तुझ्या वहीत हां लिवलंस?”

मी लिहिले नव्हते. तो माझ्या स्तंभातला आकडा नव्हता.

“आणि नामदेवकाका?” मी विचारले. “बैठकीत ‘राख’ शब्द ऐकलास तेव्हा तुला कळलं असणार.”

आईने ओला हात पदराला पुसला, पुन्हा पुसला. “कळला. पण तू सगळ्यांच्या फुड्यात येवढा बोललंस... इंग्लिश शब्द, लिंबू, सगळा. सगळी चाळ तुझ्याकडे बघी होती. मी मधीच उठान आपल्याच चेडवाक खोटा पाडू?” तिने सोलांचे भांडे बाजूला सरकवले. “रोज वाटायचा, आज सांगूया. मगे वाटायचा, आता सांगला तर आदी कित्याक नाय सांगला म्हणतीत. दिवस गेलो काय जीभ जड होता गो.”

माझी सगळी मांडणी, सान्निध्य, साधन, हेतू, ज्या एका माणसाला निरुत्तर करण्यासाठी उभी केली होती त्याला ती करू शकली नव्हती. तिने माझ्या आईला निरुत्तर केले होते. मी काही बोलण्याआधीच आईने देवामागची डबी काढली, पायात चप्पल सरकवली आणि जिना उतरू लागली. मी मागे गेले. जिन्याखाली परबकाका स्कूटर पुसत होते.

“परबभावजी,” आई म्हणाली, “ती राख माझी होती. ही बघा.” तिने डबी उघडून त्यांच्या नाकासमोर धरली. “आता जिन्याखालसून स्कूटर काढा.”

“अहो वहिनी, पण ठराव झालाय समितीचा—”

“ठराव माझ्या राखेर झालो. राख माझी, तर ठरावय माझो. काढा म्हणतंय.”

वरच्या गॅलरीत तीन दारे उघडली. परबकाकांनी स्कूटर काढली. आई नाक्यापर्यंत चालत गेली आणि नामदेवकाकांसमोर जाऊन उभी राहिली. मला वाटले ती क्षमा मागेल, पण तिला ते शब्द जमले नाहीत. तिने टेबलाचे एक टोक धरले. काका म्हणाले, “ऱ्हाऊ द्या ताई, निखारा हाय.” आईने टोक सोडले नाही. शेवटी काकांनी निखारे विझवले, मी इस्त्री उचलली, आणि आम्ही तिघे ते टेबल घेऊन घोडपदेवच्या रस्त्यावरून परत आलो. चार पाय चार काळ्या ठिपक्यांवर बसले.

बाबांनी सगळे ऐकले आणि नेहमीप्रमाणे आधी डबी उघडून हुंगली. मग एक चिमूट अंगारा कागदाच्या पुडीत बांधला आणि शर्टाच्या खिशात घातला. “टाकीत नाही,” एवढेच म्हणाले. खाली जाऊन ते काकांशी काय बोलले ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी गाडी टेबलापासून आणखी हातभर दूर लावली, आणि ती तिथेच लावत राहिले.

सातचा आवाज परत आला. चाळीला वाटले, सारे मिटले. परंतु दर सकाळी मी कॉलेजला निघाले, की काका इस्त्री थांबवून म्हणायचे, “वैदेही, झाकन बगून जा.” सुरुवातीला मी त्याला थट्टा समजले. ते हसत नव्हते. मी झाकण हलवून पाहायची, कुलूप लागलेले असायचे, मी मान डोलवायची, मग इस्त्री पुन्हा चालू व्हायची. पाऊस असो, परीक्षा असो, काकांनी एक दिवस चुकवला नाही, मलाही चुकवू दिला नाही.

संशोधन संस्थेत माझी निवड झाली तेव्हा माझा पहिला पांढरा कोट त्यांनीच इस्त्री करून दिला. बाह्यांच्या घड्या कागद कापावा इतक्या सरळ होत्या. बाबा माझी बॅग गाडीला बांधत होते. मी कोट हातावर घेतला, काकांच्या पाया पडले आणि म्हणाले, “काका, आज नाही बघत.”

“बग,” ते म्हणाले.

“आता तरी विश्वास ठेवा माझ्यावर.”

“तुज्यावर हाय गं इस्वास. पन तू आज न्हाय बगितलंस, आन् उद्या गाडी बंद पडली, तर नाव कुनाचं निघंल?”

ते इस्त्री हातात धरून थांबून राहिले. मी बाबांकडून किल्ली घेतली, झाकण उघडले, टाकीत वाकून पाहिले. तळापर्यंत दिसत होते.

“स्वच्छ आहे,” मी म्हणाले. मोठ्याने, वरच्या सगळ्या गॅलऱ्यांपर्यंत ऐकू जाईल इतक्या.